अच्युत कानविंदे : ऊन-वारा ओळखून बांधणारा वास्तुविशारद

एप्रिल महिन्यातली दुपार. सकाळी पुनावळ्याहून निघून हिंजवडी, बाणेर किंवा चाकणच्या कार्यालयात पोचलेल्या माणसाला चार वाजता काय दिसते? पश्चिमेच्या काचेपाशी बसणाऱ्यांनी पडदे ओढून घेतलेले असतात, तरी त्यांना उकडत असते. मजल्याच्या मधोमध, थंड हवेच्या झोताखाली बसलेल्यांच्या अंगात स्वेटर असतो. बाहेर लख्ख ऊन असते आणि आत सगळे दिवे चालू असतात. कुणी एसीचे तापमान कमी करा म्हणतो, कुणी वाढवा म्हणतो. महिनाअखेरीस येणारे विजेचे बिल मात्र सगळ्यांचे मिळून एकच असते.

या बिलाचा मोठा हिस्सा एसी बसवण्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. इमारतीचे तोंड कोणत्या दिशेला, काच किती, तिच्यावर सावली आहे की नाही, मजला किती खोल, गरम हवेला वर जायला वाट आहे की नाही, हे सगळे कागदावरच्या नकाशातच पक्के होते. ही गोष्ट भारतात आयुष्यभर इमारती बांधून ज्यांनी दाखवली, त्यांत एक ठळक नाव मालवण तालुक्यातल्या आचरे गावच्या अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचे आहे. आयआयटी कानपूर, मेहसाण्याची दूधसागर डेअरी, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र या त्यांच्या वास्तू. पुनावळ्यापासून थोड्याच अंतरावर बालेवाडीला असलेली नॅशनल इन्शुरन्स अ‍ॅकॅडमीही त्यांच्याच कार्यालयातून साकारली.

आचऱ्याहून मुंबईला

कानविंदे यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१६ रोजी आचऱ्याला झाला. ते अगदी लहान असतानाच आई गेली. वडील चित्रकलेचे शिक्षक होते आणि नोकरीनिमित्त मुंबईत असत. मुलाचे बालपण कोकणातल्या मोठ्या कुटुंबात गेले.

त्या भागातले जुने घर हे उष्ण आणि दमट हवेसाठी शेकडो वर्षांच्या अनुभवातून घडलेले यंत्रच म्हणायला हवे. चिऱ्याच्या जाड भिंती, उतरते कौलारू छप्पर, भिंतीच्या बऱ्याच पुढे आलेली वळचण आणि घराच्या पुढे-मागे पडवी. ऊन आणि पाऊस भिंतीपर्यंत पोचायच्या आतच अडवले जातात. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि दारा-खिडक्यांतून वारा आरपार वाहतो. दमट हवेत घाम वाळायचा तर अंगावरून वारा वाहावा लागतो. त्यामुळे या घरात सावली आणि वारा या दोन गोष्टींना पहिला मान असतो.

वडिलांच्या वळणावर जाऊन अच्युतनाही चित्रकार व्हायचे होते. ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पण वळले वास्तुकलेकडे. तिथे वास्तुकला विभागात क्लॉड बॅटली हे इंग्रज शिक्षक होते. भारतातल्या जुन्या इमारती प्रत्यक्ष मोजून त्यांचे नकाशे काढायला ते विद्यार्थ्यांना लावत. ओसरी, चौक, जाळी, छज्जा या शोभेच्या वस्तू नसून हवामानाला दिलेली उत्तरे आहेत, हे मोजमाप घेताना आपोआप कळते. चाळिशीच्या दशकाच्या सुरुवातीला कानविंदे पदवी घेऊन बाहेर पडले.

प्रयोगशाळेसाठी इमारत

१९४३ मध्ये ते दिल्लीला, शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत रुजू झाले. स्वातंत्र्य दृष्टिपथात होते. देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभी करायची होती आणि आधुनिक प्रयोगशाळा कशी बांधतात हे जाणणारे लोक देशात फारसे नव्हते. ते शिकून यावे म्हणून १९४५ मध्ये सरकारने कानविंदे यांना अमेरिकेला, हार्वर्ड विद्यापीठात पाठवले.

तिथे त्यांचे गुरू होते वॉल्टर ग्रोपिअस. १९१९ मध्ये जर्मनीत बाउहाउस ही शाळा स्थापन करणारे आणि आधुनिक वास्तुकलेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले हे गृहस्थ. इमारतीचे रूप तिच्या कामातून यावे, उसनी नक्षी नको, साहित्य प्रामाणिकपणे वापरावे, ही त्यांची शिकवण तरुण कानविंदेंच्या मनात घट्ट रुजली. ती आयुष्यभर टिकली.

पण याच शिकवणीसोबत जगभर पसरली ती काचेची भिंत. देसाऊ येथे १९२६ मध्ये उभ्या राहिलेल्या बाउहाउसच्या इमारतीत कार्यशाळेची अख्खी भिंत काचेची होती. दिसायला ती विलक्षण देखणी. मात्र तिच्या आत उन्हाळ्यात लोक उकडून निघत आणि हिवाळ्यात गारठत. जर्मनीसारख्या थंड देशात ही अवस्था, तर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला काय होईल?

काच ऊन आत घेते, पण उष्णता सहजी बाहेर सोडत नाही. सूर्यप्रकाश काचेतून आत येतो, टेबल, फरशी, पडदा यांवर पडतो आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णतेची किरणे वेगळ्या लांबीची असतात आणि ती काचेतून आरपार जात नाहीत. म्हणूनच आतून पडदा ओढल्याने डोळ्यांवरची तिरीप जाते, उकाडा मात्र खोलीतच राहतो. ऊन अडवायचे तर काचेच्या बाहेरच अडवावे लागते.

दुसरीकडे यंत्रही तयार होते. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर या अमेरिकी अभियंत्याने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा नियंत्रणात ठेवणारी यंत्रणा आखली. कागद दमट होऊन शाईचे रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते, हे त्याचे कारण. पुढे हेच यंत्र माणसांच्या आरामासाठी आले. कुठल्याही देशात कसलीही इमारत बांधा, चुकीचे निस्तरायला एसी आहे, अशी सवय त्यातून वास्तुकलेला लागली. गरीब, वीजटंचाईच्या भारतात मात्र ही चैन परवडण्यासारखी नव्हती.

चौकोनी पेटीपासून सावलीपर्यंत

१९४७ मध्ये कानविंदे परतले आणि परिषदेचे मुख्य वास्तुविशारद झाले. त्यांच्या सुरुवातीच्या कामांत अहमदाबादची अटिरा ही कापड संशोधन संस्थेची इमारत महत्त्वाची. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली होती. साधी, चौकोनी, नक्षी नसलेली ही इमारत ग्रोपिअसच्या शाळेचीच वाटते. भारतातल्या आधुनिक वास्तुकलेच्या पहिल्या उदाहरणांत तिची गणना होते.

प्रयोगशाळा बांधण्याच्या कामाने कानविंदेंना एक मोलाची सवय लावली. प्रयोगशाळेत पाणी, गॅस, वीज, दूषित हवा बाहेर नेणारे नळ असे बरेच काही खेळवावे लागते. हे सगळे मागाहून भिंतीवर ठोकता येत नाही. नकाशाच्या पहिल्या रेघेपासून त्याला जागा द्यावी लागते. हवा कुठून येणार आणि कुठे जाणार, हा प्रश्न त्यामुळे त्यांच्या कामात शेवटी कधीच आला नाही. याच परिषदेची रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थाही त्या दशकांत भारतीय ऊन, तापमान आणि वारा यांची मोजमापे वास्तुविशारदांच्या हाती देत होती.

१९५५ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि शौकत राय यांच्यासह दिल्लीत स्वतःचे कार्यालय सुरू केले. वय चाळिशीकडे झुकलेले. सुरक्षित पद सोडून खासगी व्यवसायात उतरण्याचा हा निर्णय होता. काही वर्षांतच त्यांच्याकडे आले आयुष्यातले सर्वांत मोठे काम.

कानपूरची लू

१९५९ मध्ये आयआयटी कानपूरची स्थापना झाली. पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. ओसाड माळावर पूर्ण विद्यापीठ वसवायचे होते. कानपूरचा उन्हाळा म्हणजे कोरडी, भाजणारी लू. कोकणात जे चालते ते इथे चालत नाही. दमट हवेत वारा आत घ्यायचा, तर कोरड्या उष्ण हवेत दिवसा तो बाहेर ठेवायचा आणि रात्री खिडक्या उघडून भिंती निववायच्या. एकाच देशात दोन हवामानांना दोन उलटी उत्तरे.

कानविंदेंनी वाहनांना आवाराच्या कडेला ठेवले आणि वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय ही मधली जागा फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राखली. इमारती एकमेकींना छत असलेल्या उंच मार्गिकांनी जोडल्या. वरून विद्यार्थी सावलीतून जातात आणि खालून दुसऱ्यांना सावली मिळते. इमारतींच्या मध्ये चौक, झाडे आणि पाणी आले. काँक्रीटचा सांगाडा उघडा ठेवून त्यात विटांच्या भिंती भरल्या आणि खिडक्या आत घेतल्या, म्हणजे सांगाडाच खिडकीवर सावली धरतो.

याच संस्थेत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला. त्या काळच्या संगणकांना थंड खोली लागे. इथे एक साधा धडा होता. यंत्राला जिथे थंडावा हवाच, तिथे तो यंत्राने द्यावा. बाकीच्या हजारो चौरस मीटर जागेचा उकाडा आधी सावली, चौक आणि हवेच्या वाटा यांनी कमी करावा. आजच्या कार्यालयांत नेमके उलटे घडते. काही संगणकांच्या खोलीसाठी लागणारी थंड हवा जिने, व्हरांडे आणि स्वागतकक्षालाही दिली जाते.

या आवाराच्या अनुभवावर कानविंदे यांनी जेम्स मिलर यांच्यासह भारतातल्या शैक्षणिक आवारांच्या रचनेवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मेहसाण्याचे मनोरे

त्यांच्या विचारांचे सर्वांत स्पष्ट रूप दिसते ते गुजरातमधल्या मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही इमारत उभी राहिली. दूध तापवणे, आटवणे, भुकटी करणे ही सगळी उष्णतेची कामे. त्यात वाफ आणि बाहेर उत्तर गुजरातचा उन्हाळा. आत काम करणाऱ्या माणसांचे हाल होणार, हे उघड होते.

एवढ्या मोठ्या कारखान्याला एसी लावणे शक्य नव्हते. कानविंदेंनी इमारतीतून वर जाणारे उंच, पोकळ मनोरे काढले. गरम हवा हलकी असते, ती वर चढते. तिला उंच आणि मोकळी वाट मिळाली, की ती स्वतःच बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा ओढली जाते. मनोरा जितका उंच आणि आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक जितका जास्त, तितका हा ओढा जोरदार. चुलीवरचे धुराडे ज्या तत्त्वावर चालते, तेच हे तत्त्व. याला विजेचा एक युनिटही लागत नाही आणि उकाडा वाढला, की ओढाही वाढतो.

छपरावर आलेले हे मनोरे हीच त्या इमारतीची ओळख झाली. अटिराच्या साध्या पेटीपासून इथपर्यंतचा प्रवास सुमारे वीस वर्षांचा. रूप कामातून यावे, ही गुरूची शिकवण कानविंदेंनी सोडली नाही. फक्त इमारतीच्या कामांच्या यादीत त्यांनी एक काम वाढवले. आतल्या माणसाला ऊन, उकाडा आणि कोंदटपणा यांपासून वाचवणे हेही इमारतीचेच काम आहे. हार्वर्डहून आणलेल्या विद्येला त्यांनी अशी भारतीय उन्हाची जोड दिली.

१९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधीच्या वर्षी, १९७३ मध्ये, जगाला तेलसंकटाचा मोठा धक्का बसला होता आणि इमारती किती ऊर्जा खातात याची चर्चा पाश्चात्त्य देशांत प्रथमच गंभीरपणे सुरू झाली होती. मेहसाण्यात त्याचे एक उत्तर तोवर उभे राहत होते.

पुण्याचे ऊन, पुण्याचा वारा

कानविंदेंची पद्धत पुण्याच्या पट्ट्याला लावून पाहिली, तर आकडे बोलके आहेत. पुनावळे विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेअठरा अंशांवर आहे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात, तेव्हा इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंश वर असतो. दक्षिणेच्या भिंतीतल्या सव्वा मीटर उंचीच्या खिडकीवर तेव्हा पूर्ण सावली धरायला जेमतेम त्रेचाळीस सेंटिमीटरचा छज्जा पुरतो. उन्हाळ्यात सूर्य आणखी डोक्यावर येतो, तेव्हा तेवढाही लागत नाही.

तीच खिडकी पश्चिमेच्या भिंतीत काढा. मे महिन्यात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य सुमारे ३४ अंशांवर उतरलेला असतो आणि समोरून आत येतो. आता त्याच खिडकीला पावणेदोन मीटरहून जास्त खोल छज्जा लागेल. म्हणजे पश्चिमेला छज्जा अपुरा पडतो. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहे यांची आड किंवा सरळ बिनखिडकीची भिंत हवी.

ही काळजी घेतली नाही, तर काय होते? अशा दुपारी पश्चिमेच्या काचेच्या दर चौरस मीटरवर साधारण ६०० वॅट ऊन पडते. साध्या काचेतून त्यातले सुमारे ८० टक्के आत येते. दहा चौरस मीटर काच म्हणजे जवळजवळ पाच किलोवॅट उष्णता. एवढी बाहेर काढायला सुमारे दीड टनाचा एसी लागतो, तोही फक्त त्या एका काचेसाठी. काम करणारा प्रत्येक माणूस स्वतः सुमारे १०० वॅट उष्णता सोडत असतो. या हिशेबाने ती एक काच म्हणजे त्या मजल्यावर वाढलेली पन्नास माणसे.

पुण्याची एक अडचण कानविंदेंच्या पद्धतीची परीक्षा पाहणारी आहे. इथे उन्हाळ्यातला वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो आणि त्रासदायक ऊनही पश्चिमेचेच. वारा घ्यावा तर ऊन येते, ऊन अडवावे तर वारा अडतो. यावरचे उत्तर म्हणजे लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवायची आणि पश्चिमेचा वारा उभ्या पट्ट्यांमधून किंवा मधल्या चौकातून आत वळवायचा. दुसरीकडे पुण्याला एक देणगी आहे. उन्हाळ्यातही इथल्या रात्री बऱ्यापैकी थंड होतात. रात्री इमारतीतून हवा खेळवली, तर भिंती आणि छत निवतात आणि सकाळचे काही तास एसीचा भार हलका होतो.

उजेडाचेही तसेच. खिडकीतून येणारा उपयोगी उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट आत पोचतो, म्हणजे पाचेक मीटर. तीस मीटर खोल मजल्याच्या मधल्या भागात म्हणूनच दिवसभर दिवे लागतात. त्या दिव्यांची उष्णता पुन्हा एसीलाच बाहेर काढावी लागते. विजेचा असा दुहेरी खर्च होतो. शिवाय दिवसाचा उजेड न पाहता आठ-नऊ तास बसणाऱ्या माणसाचे झोप-जागेचे चक्र बिघडते. खिडकी उघडता न येणाऱ्या खोलीत ताजी हवा अपुरी आली, की डोके जड होते आणि दुपारी सुस्ती येते. ऊर्जा आणि आरोग्य या इथे एकाच नकाशाच्या दोन बाजू आहेत.

मर्यादा आणि वारसा

कानविंदेंच्या इमारती निर्दोष होत्या असे नाही. त्यांच्या पिढीचे आवडते उघडे काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि संध्याकाळी आत सोडते. छतावर उष्णता रोखणारा थर घालण्याची आजची मापे तेव्हा नव्हती. आजच्या कार्यालयांत माणसे दाटीने बसतात, शेकडो संगणक चालतात आणि बाहेर रस्त्याची धूळ व आवाज असतो. तिथे केवळ वाऱ्यावर भागणार नाही, एसी लागणारच. मात्र सावली, योग्य दिशा, बेताची काच आणि छतावर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझेक एवढे केले, तरी तो एसी बराच लहान पुरतो.

आता कायदाही याच दिशेने वळला आहे. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा आला. २००७ मध्ये व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संहिता आली आणि २०१७ मध्ये ती सुधारली गेली. तिच्या सरळ मार्गाने जायचे, तर खिडक्यांची काच बाहेरच्या भिंतीच्या ४० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते आणि सावलीची नोंद घ्यावी लागते.

अच्युत कानविंदे यांचे डिसेंबर २००२ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी निधन झाले. तोवर हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये उभी राहू लागली होती. आज पुनावळे, ताथवडे, रावेतपासून चाकणपर्यंत नव्या इमारतींचे नकाशे रोज मंजुरीला जातात. एकदा बांधलेली इमारत पन्नास-साठ वर्षे उभी राहते आणि पश्चिमेकडे तोंड करून उभ्या केलेल्या काचेचे बिल तेवढी सगळी वर्षे भरावे लागते. नवे कार्यालय भाड्याने घेणाऱ्याने भाव विचारण्याआधी दुपारी चार वाजता पश्चिमेच्या खिडकीपाशी दहा मिनिटे उभे राहावे. ती इमारत उन्हाचा विचार करून बांधली आहे की नाही, याचे उत्तर तिथेच अंगाला कळते.